प्रस्तावना : बाळंतिणीच्या खोलीबाहेरची कारणे

गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांना विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा या संशोधकांनी शेवटच्या तिमाहीत गाठले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांची पुन्हा भेट घेतली आणि बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर आणखी एकदा. या पाहणीवरचा निबंध २००२ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री’त छापून आला. दुसऱ्या भेटीच्या वेळी ५९ जणींना, म्हणजे तेव्हा भेटलेल्यांपैकी शंभरातल्या तेवीस जणींना, नैराश्याचा आजार असल्याचे आढळले. आकडा मोठा आहेच. पण ज्या कारणासाठी हे पुस्तक लिहिले गेले, त्या दृष्टीने त्याच निबंधातला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. या आजारी स्त्रियांपैकी ७८ टक्के जणींना गरोदरपणातही लक्षात येण्याजोगा मानसिक त्रास होता.

बाळंतीण रडते, बाळाकडे पाहत नाही, ताटावरून उठून जाते, तेव्हा घरातली माणसे कारण बाळंतपणातच शोधतात. टाके दुखत असतील, दूध उतरत नसेल, जागरण झाले असेल, वारे लागले असेल, कुणाची नजर लागली असेल. शिकलेल्या घरात ‘हार्मोन्स’ म्हणतात. या सगळ्या उत्तरांत एक सोय आहे: दोष बाईच्या शरीरात किंवा हवेत राहतो, घरात येत नाही. गोव्याचा आकडा ही सोय काढून घेतो. दहातल्या जवळजवळ आठ जणी तो भार घेऊनच प्रसूतिगृहाची पायरी चढल्या होत्या. बाईच्या आयुष्यात ती दवाखान्यात सर्वांत जास्त वेळा जाते तो काळ गरोदरपणाचा. वजन होते, रक्तदाब मोजला जातो, बोटातून रक्त काढले जाते, आणि इतक्या फेऱ्यांत कुणी तिला ‘मन कसे आहे’ असे विचारत नाही.

पुढच्या प्रकरणांत वाचकाला धोक्याच्या घटकांची ओळख होईल. त्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करून ठेवायला हव्यात, कारण बोलताना त्या हमखास एकमेकांत मिसळतात. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे भरून येणे, चिडचिड होणे, उगाच भीती वाटणे हे निम्म्याहून अधिक स्त्रियांना होते आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते. त्याला आजार म्हणू नये. दुसऱ्या टोकाला प्रसूतीनंतरचा मनोविकार असतो: भास होणे, असंबद्ध बोलणे, झोपेची गरजच न वाटणे, बाळाविषयी विचित्र समजुती. तो हजारात एक-दोघींना होतो, पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत अचानक उभा राहतो आणि त्याला तातडीने रुग्णालय लागते. या दोन्हींच्या मध्ये नैराश्य आहे. ते हळूहळू येते, महिनोन्महिने टिकते आणि बाहेरून आळसासारखे, तुसडेपणासारखे किंवा ‘हिला पोराचे काही नाही’ असे दिसते. मधले असल्यामुळेच ते निसटते. पहिल्याला घर समजून घेते, तिसऱ्याला घाबरून डॉक्टरकडे नेते, आणि मधल्याला टोमणे मारते.

‘धोक्याचा घटक’ या शब्दांचा अर्थही आधीच सांगितलेला बरा. अमुक परिस्थितीतल्या स्त्रियांत हा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो, एवढाच तो अर्थ. नवरा दारू पितो म्हणून प्रत्येक बाईला नैराश्य येत नाही. सगळे सुरळीत असलेल्या घरातही ते येते. तेव्हा ‘हिला कशाची कमी आहे?’ हा प्रश्न जितका निरर्थक, तितकाच ‘हिच्या घरचे पाहा, होणारच होते’ हा निकालही घाईचा. मग घटक मोजायचे कशाला? कारण त्यांवरून कुणाकडे आधी आणि जास्त लक्ष द्यायचे हे ठरवता येते, आणि त्यांतले काही बदलताही येतात.

हार्मोन्सपासून सुरुवात करू, म्हणजे तो विषय योग्य जागी ठेवता येईल. बाळंतपणानंतर काही दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची पातळी झपाट्याने कोसळते. हे प्रत्येक बाळंतिणीच्या बाबतीत घडते, मग आजार काहींनाच का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण नेटक्या प्रयोगात ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर नसलेल्या सोळा स्त्रियांना औषधांनी हे चढ-उतार घडवून आणले. त्यांतल्या आठ जणींना पूर्वी प्रसूतीनंतरचे नैराश्य येऊन गेले होते, आठ जणींना नव्हते. पहिल्या गटातल्या पाच जणींची मनःस्थिती ढासळली, दुसऱ्या गटातल्या एकीचीही नाही. याचा अर्थ, हार्मोन्सची घसरण सगळ्यांची सारखी, पण ती सोसण्याची शरीराची घडण वेगवेगळी. म्हणूनच पूर्वी कधी नैराश्य आले होते का, आधीच्या बाळंतपणानंतर आले होते का, आई-बहिणीला आले होते का, हे विचारणे सर्वांत महत्त्वाचे. ओ’हारा आणि स्वेन यांनी १९९६ साली ५९ अभ्यासांचा आणि बारा हजारांहून अधिक स्त्रियांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हाही पूर्वीचा मानसिक आजार आणि गरोदरपणातली अस्वस्थता हेच दोन घटक सर्वांत ठळक निघाले. त्यांच्यापाठोपाठ नवऱ्याशी बिनसलेले नाते, आधाराचा अभाव आणि आयुष्यातले आघात. प्रसूती कशी झाली, टाके पडले की नाही, यांचा वाटा तुलनेने लहान होता. सिझेरियन झाले म्हणून बाई खचली, असे आपण सहज म्हणून जातो. पुरावा तितका सरळ नाही.

शरीराच्या बाजूची आणखी एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी विसरू नये. बाळंतपणानंतर काही स्त्रियांच्या थायरॉईड ग्रंथीला सूज येते, आणि तिचा थकवा व उदासी हुबेहूब नैराश्यासारखी दिसते. रक्तक्षयाचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. आधीच हिमोग्लोबिन कमी, त्यात प्रसूतीतला रक्तस्राव. अशा बाईला ‘मन घट्ट कर’ म्हणण्याआधी तिचे रक्त तपासावे.

इथून पुढे गोष्ट घराच्या उंबऱ्याच्या आत येते.

गोव्याच्या पाहणीत आर्थिक ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध यांचा आजार होण्याशीही संबंध होता आणि तो रेंगाळण्याशीही. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. आणि मग त्या निबंधातले मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाक्य येते: जन्मलेले बाळ मुलगा की मुलगी, यावर इतर घटकांचा परिणाम बदलत होता. नवऱ्याची मारहाण असो किंवा उपासमार, तेच दुःख पदरात मुलगी असताना वेगळे वजन धरत होते. उपासमार हा शब्द गोव्याच्या संदर्भात वाचताना थबकायला होते. पर्यटकांच्या जाहिरातीतला गोवा, साक्षरतेत आणि आरोग्यसेवेत देशात पुढे असलेला गोवा, आणि तिथे बाळंतपणाच्या आसपास पोटभर न मिळालेल्या स्त्रिया.

त्याच सुमारास तामिळनाडूत वेल्लोरजवळच्या खेड्यांत चंद्रन आणि सहकाऱ्यांनी असाच अभ्यास केला. तिथे बाळंतपणानंतर नव्याने नैराश्य आलेल्या स्त्रियांचे प्रमाण ११ टक्के निघाले. कमी उत्पन्न, मुलगा हवा असताना झालेली मुलगी, सासूशी आणि आईवडिलांशी असलेले ताण, गरोदरपणात कोसळलेले एखादे संकट आणि कामाला हातभार न मिळणे हे तिथले घटक. पुढे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांचा आणि वीस हजार स्त्रियांचा एकत्रित आढावा आला. प्रमाण २२ टक्के, आणि घटकांच्या यादीत पुन्हा पैशाची चणचण, घरातली हिंसा, नवऱ्याशी भांडण, त्याची साथ नसणे, पूर्वीचा मानसिक आजार आणि मुलगी होणे. पाश्चात्त्य देशांच्या यादीत आणि आपल्या यादीत बराच भाग सारखा आहे. हे शेवटचे कलम तेवढे आपण आपल्याकडून घातले आहे.

त्यावर जरा थांबू. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला, देशाचा कायदा १९९४ साली आला. कायदा योग्यच आहे. पण कायद्याने निदान थांबवले, घरातली अपेक्षा थांबवली नाही. ती नऊ महिने बाईच्या पोटाभोवती फिरत राहते: डोहाळे कसले लागले, पोट पुढे आहे की पसरट, डोहाळजेवणात पेढा उचलला की बर्फी. हे खेळ आहेत, मान्य. पहिली मुलगी असलेल्या बाईला ते खेळ वाटत नाहीत. तिच्या पोटातली धाकधूक दर महिन्याला वाढत जाते, आणि प्रसूतीच्या टेबलावर नर्सने सांगितलेल्या एका शब्दाने सासरचे लोक किती जण येणार, कधी येणार, बारसे थाटात होणार की उरकले जाणार, हे सगळे ठरते. अपत्याचे लिंग पुरुषाच्या बीजावरून ठरते हे शाळेच्या पुस्तकात असते. जाब मात्र बाईनेच द्यायचा. अशा घरात दुसऱ्या मुलीनंतर बाई हसली नाही, तर त्यात वैद्यकीय कोडे कसले?

माहेराबद्दल लिहिताना मराठी लेखणी हळवी होते. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना अंथरुणावर, अंगाला तेल, शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, जेवणानंतर बाळंतशेपा. पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी पाळणा. या व्यवस्थेत शहाणपण आहे यात शंका नाही. बाईला सक्तीची विश्रांती मिळते, ताटात तूप येते आणि बाळ सांभाळायला अनुभवी हात असतात. १९८३ साली स्टर्न आणि क्रुकमन या मानववंशशास्त्रज्ञांनी तर असा सिद्धान्त मांडला की जिथे बाळंतिणीभोवती असे विधी, विश्रांती आणि माणसांचा राबता असतो, तिथे हे नैराश्य फारसे दिसणारच नाही; तो पश्चिमेतल्या एकट्या पडलेल्या आयांचा आजार आहे. आपल्याकडेही कितीतरी जण अजून हेच म्हणतात. आमच्या आज्यांना कुठे होते हे असले काही?

गोवा आणि वेल्लोरमध्ये विधीही होते, माणसेही होती आणि आजारही होता. माझ्या मते त्या सिद्धान्ताची चूक एवढीच, की त्याने माणसांची गर्दी आणि माणसांचा आधार यांना एकच मानले. वेल्लोरच्या यादीत सासूबरोबर आईवडीलही आहेत, हे लक्षात घ्या. माहेरच्या बाळंतपणाचा खर्च माहेरने करायचा असतो. बापाने तो कुठून उभा केला, हे मुलीला ठाऊक असते. लाडवातले तूप किती रुपयांचे आहे आणि भावजयीच्या कपाळावर कितवी आठी पडली, हे खाटेवर पडल्यापडल्या तिला कळत असते. आई प्रेमळ असते आणि त्याच वेळी म्हणत असते, ‘आम्ही चार बाळंतपणे काढली, कधी हूं की चूं केले नाही.’ मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ घेऊन सासरी जायचे. त्या दिवशी तेल, शेक, विश्रांती सगळे एकदम संपते आणि पाण्याचा हंडा, चूल, गोठा किंवा ऑफिसची लोकल सुरू होते. बाळंतपणानंतरच्या संकटाचा हा दुसरा दिवस कुठल्याही पंचांगात लिहिलेला नसतो, आणि आरोग्यसेवकांच्या नोंदीतही तो निसटतो, कारण माहेरच्या गावची आशाताई वेगळी आणि सासरची वेगळी.

दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला तर माहेरही मिळत नाही. सव्वा महिन्याचे पंधरा दिवस होतात, पंधरा दिवसांचे आठ. ऊसतोडीला गेलेल्या बाईला कोयता धरल्याशिवाय उचल फिटत नाही. तिला कुठला सव्वा महिना? संघटित क्षेत्रातल्या नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. शेतमजूर, घरकाम करणारी, फडावरची बाई त्या कायद्याच्या आत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळाला पाच हजार रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार मिळतात. दुसऱ्या मुलीसाठी पैसे देण्यामागचा विचार चांगला आहे. पण ते कुणाच्या हातात पडतात, हे त्या बाईला विचारा.

आणि ज्यांच्याकडे सगळे आहे त्यांचे काय? हिंजवडीतल्या चौदाव्या मजल्यावर किंवा न्यू जर्सीत, आईचा सहा महिन्यांचा मुक्काम संपून तिने परतीचे विमान धरले की, दिवसभर बाळाशी एकटी राहिलेली मुलगीही याच वाटेवर असते. तिच्या बाबतीत पैसा आणि मारहाण ही कारणे बहुधा नसतात. एकटेपण असते, झोप नसते, पूर्वी कधी औषधे घेतल्याचे कुणाला न सांगितलेले असते. फोनवरच्या इतर आयांचे हसरे फोटो असतात. तिच्यासाठी या पुस्तकात वेगळे प्रकरण आहे, पण माझे लक्ष जास्त पहिलीकडे आहे, हे उघड सांगतो. दुसरीला निदान डॉक्टरचा नंबर माहीत असतो.

‘पाश्चात्त्य आजार’ या आक्षेपाला एक गमतीशीर उत्तर इतिहासातच आहे. हा आजार हुडकण्यासाठी जगभर वापरली जाणारी दहा प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली १९८७ साली जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी तयार केली. त्यातल्या कॉक्स यांनी त्याआधी बाळंतिणींच्या मानसिक आजारांचा अभ्यास केला होता तो युगांडात, गांडा लोकांमध्ये. त्यांच्यात बाळंतपणानंतरच्या वेडाला ‘अमाकिरो’ असे स्वतःचे नावही होते. म्हणजे ज्या प्रश्नावलीला आपण परदेशी म्हणतो, तिच्या कर्त्याला हा विषय आफ्रिकेतल्या खेड्यांनी आधीच दाखवला होता. गोव्याच्या पाहणीत हीच प्रश्नावली कोकणीतून विचारली गेली. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे, आणि तो विचारायला सेवकांना भीती वाटते. विचारल्याने विचार डोक्यात येत नाही. आलेला असेल तर तो सांगायची वाट मोकळी होते.

ही भीती बाजूला ठेवायला आणखी एक सबळ कारण आहे. मातामृत्यू मोजताना आपण प्रसूतीनंतरचे बेचाळीस दिवस मोजतो. त्या काळातली आत्महत्याही पूर्वी ‘योगायोगाने घडलेला मृत्यू’ म्हणून वगळली जायची. ती थेट मातामृत्यूत धरावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली सांगितले. ब्रिटनमध्ये प्रत्येक मातामृत्यूची बारकाईने चौकशी होते, आणि तिथे सहा आठवड्यांपासून वर्षापर्यंतच्या काळात थेट कारणांमध्ये आत्महत्या पहिल्या क्रमांकावर आहे. आपल्याकडे बेचाळिसाव्या दिवसानंतर विहिरीत सापडलेली बाळंतीण वर्तमानपत्रात येते ती ‘घरगुती वादातून’ या शब्दांखाली.

त्रास फक्त आईचा राहत नाही, हेही गोव्यातच दिसले. त्याच संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या पुढच्या निबंधात, आईला नैराश्य असलेली बाळे सहा महिन्यांची होताना वजनात आणि लांबीत मागे पडल्याचे दाखवले. बौद्धिक विकासाच्या चाचणीतही ती मागे होती. जन्माचे वजन वगैरे इतर गोष्टी जमेस धरूनही वाढीवरचा हा परिणाम उरत होता. कुपोषणावर महाराष्ट्रात किती कागद खर्च झाले आहेत ते सर्वांना माहीत आहे. अंगणवाडीच्या तराजूवर बाळ ठेवून आईच्या हातात पाकीट देताना, त्या आईला बाळाला भरवायची इच्छाच उरली आहे का, हा प्रश्न त्या कागदांत शोधूनही सापडत नाही. नैराश्यातल्या आईला मी इथे दोषी धरत नाही. तसे वाचले गेले तर माझे लिहिणे फसले. भुकेचा बंदोबस्त करणाऱ्या यंत्रणेने आईच्या मनाचे काम आपले मानावे, एवढाच मुद्दा आहे.

उपायांचे प्रकरण पुस्तकात शेवटी आहे. त्यातली एक हकिगत इथेच सांगतो, नाहीतर घटकांची ही यादी वाचून कुणीही हात टेकेल. गरिबी, दारू, मुलाचा हट्ट: हे डॉक्टर कसे बरे करणार? पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात आतिफ रहमान यांनी मानसोपचारतज्ज्ञ न नेमता गावातल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ना शिकवले. त्या गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून घरी जाऊ लागल्या, बाईशी बोलू लागल्या, आणि बोलण्यात सासूलाही घेतले. कारण ‘बाळाची वाढ चांगली व्हावी’ या विषयावर सासूची हरकत नसते. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले निकाल असे: सहा महिन्यांनी साध्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के स्त्रिया अजून नैराश्यात होत्या, या गटात २३ टक्के. गरिबी तीच, नवरे तेच, सासवा त्याच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये या पद्धतीची पुस्तिका काढली, आणि गोव्यात तीच पद्धत वस्तीतल्या साध्या बायकांच्या हाती देऊन पाहिली गेली. त्यांना तिथे ‘सखी’ म्हणत. गोव्यात फायदा रावळपिंडीइतका मोठा नव्हता, पण सखी भेटलेल्या स्त्रियांपैकी जास्त जणी सहा महिन्यांत बऱ्या झाल्या. आजार तीव्र असेल तर औषधेही आहेत, आणि त्यांतली काही अंगावर पाजत असतानाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतात. बाळाला तोडून आईला दाखल करण्याचीही गरज नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करू नये असे म्हटले आहे, आणि बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई व बाळ यांना एकत्र ठेवणारा कक्ष २००९ पासून चालू आहे.

आणि घरी जाणारी बाई महाराष्ट्रात नव्याने शोधायची नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळाची काळजी घरात जाऊन घेता येते हे १९९९ साली दाखवून दिले, आणि त्या कामातूनच देशभरातल्या आशांच्या घरभेटी उभ्या राहिल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. गोव्याच्या संशोधकांनी निवडलेले दोन्ही टप्पे, सहा आठवडे आणि सहा महिने, या वेळापत्रकात आयतेच आहेत. ताप, रक्तस्राव, झटके हे ती विचारतेच. त्यात दोन प्रश्नांची भर घालायला काही खर्च येत नाही. गेल्या महिन्याभरात तुम्हाला वारंवार उदास, निराश वाटले का? नेहमी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागेनासे झाले का? ब्रिटनची नाइस ही संस्था हेच दोन प्रश्न गरोदरपणाच्या पहिल्या भेटीपासून विचारायला सांगते. माझी सूचना फक्त जागेबद्दल आहे: सासू दाराशी उभी असताना ते विचारू नयेत. आशाताईला एवढे काम आधीच आहे, तिचा मोबदला वेळेवर मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे काम तिच्यावर टाकून मोकळे होणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी तिचे पैसे द्यावेत.

पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्यांत आशाताई आणि परिचारिका आहेत, तसे घरातले पुरुषही आहेत. यादीतला जो घटक सर्वांत लवकर बदलता येतो तो नवऱ्याची वागणूक आहे. त्याला पदवी लागत नाही आणि पैसाही लागत नाही. हे पुस्तक तुम्ही बाळंतपणानंतर उघडले असेल तरी उशीर झालेला नाही, पण घरात कुणी सातव्या महिन्यात असेल तर ते दोन प्रश्न आजच विचारा, आणि उत्तर ‘हो’ आले तर तिला घेऊन डॉक्टरकडे जा. तोपर्यंत बोलायला माणूस हवे असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यावर मराठीत बोलता येते.